मडके कोणी धरायचे? आईच्या अंत्यविधीत ख्रिस्ती मुलाने घेतलेले निर्णय

पार्श्वभूमी

हे कुटुंब अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, गोदावरीपासून फार लांब नसलेल्या एका गावातले. नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तीन भावंडे. थोरला दत्तात्रय गावी शेती करतो, मधली बहीण शेजारच्या तालुक्यात दिली आहे, आणि धाकटा सुनील भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला आहे. वडील बारा वर्षांपूर्वी गेले. सुनील आणि त्याची बायको रेखा यांनी सहा वर्षांपूर्वी एका प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, बाप्तिस्मा घेतला. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, मुलगा त्यानंतर झाला. मुलांच्या जन्माचा हा क्रम पुढे जमिनीच्या बोलण्यात महत्त्वाचा ठरतो.

नव्या विश्वासाच्या भरात सुनीलने एक सोपा नियम करून घेतला होता: जिथे मूर्तिपूजा, तिथे जायचेच नाही. दत्तात्रयच्या मुलीच्या लग्नात जागरण-गोंधळ होता, म्हणून तो लग्नालाच गेला नाही. खरे तर जागरणाची रात्र सोडून हळदीला, अक्षतांना आणि मुलगी वाटे लावायला त्याला उभे राहता आले असते. पुतणीच्या लग्नात सख्खा चुलता नव्हता, ही गोष्ट भावकी विसरली नाही. "देव बदलला ते बदलला, रक्तही बदललं का?" असे दत्तात्रय तेव्हा म्हणाला होता. अंत्यविधीच्या वेळी सुनीलच्या प्रत्येक नकाराकडे घरच्यांनी याच आठवणीतून पाहिले.

आईची मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिससाठी तिला भोसरीला आणावे लागले. पाच महिने, आठवड्यातून दोनदा, रेखा तिला रिक्षाने दवाखान्यात न्यायची आणि चार तास बाहेर बसून राहायची. पाणी मोजून द्यायचे, मीठ नाही, केळे नाही, नारळपाणी नाही, हे सगळे पथ्य तिने सांभाळले. हे घरच्यांनी पाहिले होते.

पेच

या गावची रीत अशी की बापाला थोरला अग्नी देतो आणि आईला धाकटा. म्हणजे मडके सुनीलकडे येणार हे ठरलेलेच होते.

'अंत्यविधी' हा एक शब्द असला तरी त्यात अनेक कृती असतात, आणि त्या वेगवेगळ्या पाहिल्याशिवाय काही ठरवता येत नाही. त्या गावातला क्रम असा. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल. आंघोळ, नवे लुगडे, बांबूची तिरडी. विस्तव ठेवलेले मडके घेऊन मुलगा पुढे चालतो, मागे चौघे खांदेकरी. वाटेत विसाव्याला तिरडी खाली टेकवायची आणि खांदा बदलायचा. सरणाभोवती पाण्याचा घडा खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या, दर फेरीला घड्याला खड्याने एक भोक, मग घडा मागे टाकून उलट्या हाताने बोंब. तो खडा, म्हणजे जीवखडा, दहाव्यापर्यंत जपून ठेवायचा. मग अग्नी. तिसऱ्या दिवशी सावडणे. दहाव्याला नदीवर मुंडण, पिंडदान, कावळ्याची वाट. तेराव्याला गोडाचे जेवण आणि सुतक संपते. पुढे वर्षश्राद्ध आणि दरवर्षीचा पितृपक्ष.

सुनीलच्या मनात दोन आज्ञा समोरासमोर उभ्या होत्या. आईबापाचा मान राख, ही बायबलच्या निर्गम २०:१२ मधली आज्ञा. आणि त्याच अध्यायातली, माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत ही आज्ञा. पहिली मोडून दुसरी पाळली असे त्याला म्हणवत नव्हते. मार्क ७ मध्ये, देवाला वाहिले असे सांगून आईबापाची सेवा टाळणाऱ्यांना येशूने खडसावले आहे. तो अध्याय त्याच्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्याला पहिल्याच भेटीत वाचायला लावला, आणि ते योग्य केले.

विधींची छाननी

पाळक, मंडळीतले दोन 'वडील' (म्हणजे जबाबदार ज्येष्ठ सभासद) आणि सुनील-रेखा असे पाच जण दोन संध्याकाळी बसले. एका वहीत वरचा क्रम लिहिला आणि प्रत्येक कृतीपुढे एकच प्रश्न ठेवला: हे कोणासाठी केले जाते? देहासाठी, जिवंत माणसांसाठी, की मृतात्म्याला किंवा देवतेला काही पोचवण्यासाठी?

खांदा देणे, लाकडे रचणे, सोबत चालणे, रडणे, आल्यागेल्याला जेवू घालणे हे देहासाठी आणि माणसांसाठी. त्याला शास्त्रात कुठेच मनाई नाही. दहनालाही नाही. १ शमुवेल ३१ मध्ये याबेशच्या लोकांनी शौल राजाचा देह जाळला आणि हाडे पुरली. त्यांना कुणी दोष दिलेला नाही. उत्पत्ति ५० मध्ये योसेफाने बापाच्या देहात मिसरी रीतीने मसाला भरवला आणि मिसरी लोकांनी याकोबासाठी सत्तर दिवस शोक केला. दुसऱ्या लोकांची शोकाची रीत म्हणून ती आपोआप त्याज्य ठरत नाही.

पिंडदान, तर्पण आणि पितृपक्षातले पान हे मृताला पोचवण्यासाठी. इथे पाचही जणांचे एकमत झाले. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात, २६:१४ मध्ये, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणारा इस्राएली शपथेवर सांगतो की यातले मी मृताला काही दिलेले नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मेलेल्याची वाट देवाच्या हाती आहे. मुलाच्या हातच्या भाताच्या गोळ्यावर ती अवलंबून नाही. पिंड ठेवणे म्हणजे याच्या उलट कबुली देणे.

मधल्या गोष्टींवर मात्र घोळ झाला. मुंडणावर तर वडिलांमध्येच मतभेद होते. एकाने अनुवाद १४:१ काढले, मृतासाठी कपाळावरचे केस काढू नका. दुसऱ्याने ईयोब १:२० दाखवले. मुले गेल्याचे कळताच ईयोबाने डोके मुंडले आणि भूमीवर पडून देवाला नमन केले. म्हणजे केस काढणे हे पाप नाही, ते कशाचा भाग म्हणून काढले हा प्रश्न आहे. नदीवर पिंडदानाच्या आधी केलेले मुंडण हा त्या विधीचाच अधिकार घेणे आहे, म्हणून ते नको, असे ठरले. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता.

अग्नीचा निर्णय सर्वांत अवघड. काडी लावणे ही देहाची व्यवस्था आहे. पण मडके, घडा, तीन फेऱ्या आणि जीवखडा हे सगळे त्या काडीला जोडलेले असते, आणि जीवखडा ज्याच्या हाती, त्याच्याकडेच दहाव्याचे पिंड येतात. एक धागा धरला की पुढचे सगळे ओढले जाते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: सगळे बाहेरून करायचे आणि मनात येशूची प्रार्थना करायची. सुनीलच्या एका मित्राने हेच सुचवले आणि आधाराला नामान दिला. २ राजे ५ मध्ये अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याकडे परवानगी मागतो: माझा धनी रिम्मोन या देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा असावी. अलीशा म्हणतो, शांतीने जा. पण हा उतारा अर्धाच वाचला जातो. त्याच संभाषणात नामानाने आधीच जाहीर केले आहे की यापुढे मी परमेश्वराशिवाय कोणालाही यज्ञ अर्पण करणार नाही. तो वाकतो ते धन्याला हाताचा आधार देण्यासाठी. वाहणारा हात त्याचा नाही. तेव्हा नामानाचे उदाहरण खांदा देणाऱ्याला लागू पडते, पिंड ठेवणाऱ्याला पडत नाही. पुढची सगळी आखणी याच फरकावर झाली.

दुसरा पर्याय: अंत्यविधीला जायचेच नाही, किंवा घरापर्यंत जाऊन परतायचे. लग्नाच्या वेळी हेच केले होते आणि त्याचे फळ समोर होते.

तिसरा: आईला ख्रिस्ती पद्धतीने पुरायचे. मंडळीतल्या एका उत्साही बंधूने हे मांडले. आईने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता आणि कधी मागितलाही नव्हता. आयुष्यभर हिंदू म्हणून जगलेल्या बाईला मेल्यावर ख्रिस्ती करणे हा अप्रामाणिकपणा आहे. पाळकांनी हा विषय दोन मिनिटांत संपवला.

चौथा: देहाचे आणि माणसांचे सगळे करायचे, इतरांपेक्षा जास्त करायचे, मृताला वाहण्याचे काहीही करायचे नाही, आणि मडके दत्तात्रयच्या मुलाने, म्हणजे नातवाने धरायचे. नातू एकोणीस वर्षांचा होता. सुनीलने हा निवडला.

मराठी ख्रिस्ती माणसाला ही निवड नवी नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग टाकून दिले नाहीत. रूप तेच ठेवले, भजायचा कोण ते बदलले. पण प्रत्येक रूपाबाबत तसे करता येत नाही. अभंगात येशूचे नाव घालता येते, पिंडात काय घालणार?

प्रत्यक्षात काय घडले

पहिला निर्णायक प्रसंग आई जिवंत असतानाचा. सुनील हा विषय टाळत होता. रेखाने तीनदा आठवण केली, तेव्हा मृत्यूच्या दोन महिने आधी, डायलिसिसहून परतल्यावर, त्याने आईला विचारले. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला खांदा दे. बाकीचं थोरला बघंल." एवढेच. सुनीलच्या डोक्यावरचे ओझे उतरले. पण हे ऐकायला खोलीत रेखाशिवाय कोणी नव्हते. पुढे दत्तात्रयला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आई माझ्यापाशी काही बोलली नाही." तो खोटे बोलत नव्हता. फोन लावून तिघा भावंडांसमोर आईला तेच पुन्हा बोलू दिले असते, तर पुढचा निम्मा त्रास टळला असता.

दत्तात्रयने कुरकुरत का होईना, सुनीलऐवजी आपल्या मुलाचा हात लागेल हे मान्य केले. बोलणे दोघा भावांतच राहिले.

आई गेली ती पहाटे, भोसरीत. रुग्णवाहिकेने देह गावी नेला. तुळशीपत्र आणि गंगाजल बहिणीने घातले, सुनील उशाशी बसून होता. अंघोळीचे पाणी रेखाने तापवले. तिरडी बांधताना सुनीलने सुतळीच्या गाठी मारल्या, आणि पुढचा डावा खांदा त्याने धरला तो विसाव्यापर्यंत सोडला नाही.

विसाव्याला घोळ झाला. खांदेपालट चालू असताना थोरल्या चुलत्याने, ज्यांच्या सांगण्यावरून गावात सगळे विधी चालतात, नातवाच्या हातातले मडके घेतले आणि सुनीलच्या हातात दिले. "आईला धाकटा. पोराकडं कशाला?" मागे दीडशे माणसे. गोवऱ्यांच्या धगीने मातीचे बूड तापलेले. टाकून दिले असते तर आईचा अपमान, घेऊन चालला असता तर शब्द मोडला. त्याने दोन्ही हातांनी ते धरून ठेवले, पाऊल उचलले नाही, आणि भावाकडे पाहून हळू म्हणाला, "दादा, आपलं ठरलंय ना." दत्तात्रय पुढे आला, मडके घेऊन आपल्या मुलाला दिले आणि चुलत्यांना म्हणाला, "तात्या, चला." सुनील परत तिरडीच्या खांद्याखाली गेला.

चुलत्यांची यात चूक नव्हती. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

सरणावर लाकडे ठेवताना सुनील होता, फेऱ्यांच्या वेळी बाजूला उभा राहिला. पाळक आणि मंडळीतले आठ जण आले होते. त्यांना आधीच बजावले होते की स्मशानात मोठ्याने प्रार्थना नाही, गीत नाही, भाषण नाही. ते शांत राहिले. पण तिसऱ्या दिवशी सावडायला त्यांतलाच एक बंधू पिशवीत पत्रके घेऊन आला आणि वडाखाली बसलेल्या दोघातिघांना ती दिली. दत्तात्रयचा चेहरा बदलला. आदल्या तीन दिवसांत जे कमावले होते ते पाच मिनिटांत गेले. सुनीलने पत्रके परत घेतली, भावाची माफी मागितली, बंधूला गाडीत बसवून दिले. अंत्यविधीत संयम पाळायचा हे सगळ्या मंडळीला सांगावे लागते, आणि ते एकदा सांगून भागत नाही.

राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून टाकायची आणि वर झाड लावायचे, असे दत्तात्रयने ठरवले होते. अनेक गावांत आता असे करतात. यात सुनीलला अडचण नव्हती. खड्डा त्याने खणला, आंब्याचे कलम त्याने लावले.

दहाव्याला नदीवर दुसरी कसोटी. पिंड मांडले, प्रवचन झाले, सगळे मागे सरले. कावळे झाडावर होते, खाली उतरेनात. अर्धा तास गेला. कावळा शिवत नाही म्हणजे मृताची इच्छा अडली आहे, असे मानतात, आणि मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून वचन देतो. बहिणीने दिले, दत्तात्रयने दिले. मग सगळ्यांच्या नजरा पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सुनीलकडे वळल्या. तात्या म्हणाले, "एवढं म्हण की सगळं करीन."

सुनील पिंडांकडे गेला नाही. तो भावाकडे आणि बहिणीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "दादा, ताई, आईच्या माघारी मी तुम्हाला अंतर देणार नाही. तुमच्या सुखदुःखाला मी येणार, एकही चुकवणार नाही." हे वचन जिवंत माणसांना होते. मंडळीतल्या एका वडिलांना नंतर हेही खटकले. त्या जागी, त्या वेळी बोललेले शब्द लोक पिंडालाच बोलले असे धरतील, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही. तरी गप्प राहण्यापेक्षा हे बरे होते असे आम्हाला वाटते, कारण लग्न चुकवल्याची जखम तिथेच बोलली गेली.

कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. "धाकट्यामुळं अडलं," असे दोघीतिघी बोलल्या. रेखाने ते ऐकले आणि पंगतीला वाढायला गेली.

जेवणाबाबत १ करिंथ १०:२७-२८ चा आधार घेतला. पुढे वाढलेले निमूट खायचे. हे वाहिलेले आहे असे कोणी सांगून दिले तर खायचे नाही. पिंडाच्या नैवेद्यातले घेतले नाही, पंगतीत सगळ्यांबरोबर बसून जेवला. खर्चाची विभागणीही तशीच: किराणा, मांडव आणि पाण्याचा टँकर सुनीलकडे, गुरुजींची दक्षिणा आणि विधीचे सामान दत्तात्रयकडे. सगळ्या खर्चाचे सरळ दोन भाग केले असते तर विधीचे पैसे दिले की नाही हा वाद उरला असता.

एक गोष्ट कोणाच्या वहीत नव्हती. अकरा वर्षांच्या मुलीला आत्याने फोटोसमोर नेले आणि "आजीच्या पाया पड" म्हटले. ती पडली. सुनीलने तिथे काही म्हटले नाही. रात्री जवळ घेऊन आजीची आठवण काढली आणि आपण कोणापुढे प्रार्थना करतो हे सांगितले. मुलांशी आधी बोलून ठेवायला हवे होते.

जमिनीचा प्रश्न

आईच्या नावावर तीस गुंठे होते. दहाव्यानंतर भावकीतून सूर निघाला की ज्याने दिवस घातले नाहीत त्याला वाटा कसला. कायद्यात याला आधार नाही. धर्म बदलल्याने वारसाहक्क जात नाही, हे १८५० च्या कायद्यापासून चालत आले आहे. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम २६ मधला अपवाद धर्मांतर करणाऱ्याला नाही, तर धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना आहे: वारसा खुला होताना ती हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांकडून त्यांना वारसा मिळत नाही. म्हणजे सुनील वारस आहेच. त्याच्या धाकट्या मुलाला मात्र हिंदू चुलत्याकडून किंवा आत्याकडून वारसा मागता येणार नाही. बापाकडून त्याला जे येईल ते भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे.

सुनीलने तेराव्यापर्यंत हा विषय काढला नाही आणि कोणी काढला तरी उत्तर दिले नाही. नंतर तिघा भावंडांनी मृत्यूच्या दाखल्यासह तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज केला. तिघांची नावे लागली. जमीन दत्तात्रयच कसतो.

काय वेगळे करता आले असते

आईचे बोलणे भावंडांसमोर व्हायला हवे होते, हे वर आलेच. दुसरे म्हणजे, भावाभावांत ठरलेले तात्यांना सांगायला हवे होते, आणि ते थोरल्यानेच. धाकट्याने सांगितले असते तर वाद झाला असता. थोरल्याने "मी असं ठरवलंय" म्हटले असते तर तो घरचा निर्णय झाला असता. नातवालाही नीट सांगितले नव्हते. चुलत्याने मडके काढून घेतले तेव्हा त्याने मुकाट्याने देऊन टाकले.

मुंडणाची जखम मात्र राहिली. दहाव्याला सगळे पुरुष मुंडलेले आणि सुनीलच्या डोक्यावर केस, हे दिसत राहते. नदीवर नाही, पण आई गेली त्याच दिवशी घरी, शोक म्हणून, त्याने केस काढले असते तर? ईयोबाचा दाखला होताच. पाळक आता म्हणतात की हे सुचवायला हवे होते. मंडळीतले एक वडील अजून मान्य करत नाहीत. लोक त्याचा अर्थ विधी केला असाच लावतील असे ते म्हणतात. यावर मंडळीत एकमत नाही.

आजची स्थिती

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सुनील आणि रेखा गावी गेले, आंब्याला आळे केले, दत्तात्रयच्या घरी जेवले आणि मुक्काम केला. सकाळी गुरुजी येण्याआधी सुनील शेतावर निघून गेला, दुपारी पंगतीला परत आला. हे दत्तात्रयनेच सुचवले होते. पुतणीच्या बाळाच्या बारशाला सुनील दोन दिवस आधी पोचला. तात्या अजून त्याच्याशी बोलत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुण्यात झाले, तेव्हा दवाखान्यात डबा रेखाच्या घरून गेला. त्यांनी तो खाल्ला.